मदत हवी आहे : डाउन सिंड्रोम असलेल्या भाच्यासाठी व्यायामोपचार, सोलापूर
माझ्या १४ वर्षांच्या भाच्याला डाउन सिंड्रोम असून स्नायूंचा सैलपणा, सपाट तळवे आणि थायरॉईडची कमतरता यांमुळे तो लवकर थकतो. हृदयातील छिद्राची शस्त्रक्रिया लहानपणीच झाली असून हृदयरोगतज्ज्ञांनी आता व्यायामास परवानगी दिली आहे. मात्र अशा मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असू शकतो, म्हणून कोलांटउडी, शीर्षासन यांबाबत सावध राहावे लागते, आणि जवळच्या व्यायामशाळेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. सात रस्ता किंवा होटगी रस्ता परिसरात तोल, चाल व ताकद यांवर काम करणारे अनुभवी फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का? येथील उन्हाळा पाहता सकाळची वेळ मिळाल्यास बरे. त्याला लेझीम फार आवडते (गणपतीत तो थांबतच नाही), तेव्हा तालावर व्यायाम घेणारे कोणी असल्यास तेही कृपया कळवावे.