काना गावचं लग्न: मूळ चित्र व्हेनिसला परत जायला हवं का?

मृण्मयी:
पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात मोना लिसाच्या समोरच्या भिंतीवर सोळाव्या शतकातल्या पाओलो व्हेरोनेझे या चित्रकाराचं ‘काना गावचं लग्न’ आहे. पावणेसात मीटर उंच, जवळपास दहा मीटर रुंद. विषय बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला येशूचा पहिला चमत्कार: लग्नात द्राक्षारस संपतो आणि दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस होतो. हा चमत्कार चित्रात उजवीकडे खाली, कोपऱ्यात आहे. पिवळ्या कपड्यांतला नोकर रांजण कलता करून ओततोय, शेजारी एकजण पेला निरखतोय. बाकी शंभरावर माणसं जेवणात, गप्पांत दंग.

१५६२-६३ मध्ये हे व्हेनिसमधल्या सान जॉर्जो माज्जोरे मठाच्या भोजनशाळेसाठी काढलं. मोबदला ३२४ डुकाट (तिथली नाणी), जेवण आणि द्राक्षारसाचं एक पिंप. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते कापून पॅरिसला नेलं. ती खोली आजही उभी आहे. परत द्या, एवढंच माझं म्हणणं.

अनिरुद्ध:
लूट होती, मान्य. पण परत नेताना चित्रच हातचं जाईल. १९९२ मध्ये लूव्ह्रमध्येच भिंतीवर चढवताना पडलं आणि कापड फाटलं. आणि २००७ पासून त्या भोजनशाळेत हुबेहूब प्रतिकृती आहेच.

मृण्मयी:
‘नाजूक आहे’ हे कारण १८१५ मध्ये, नेपोलियनच्या पराभवानंतर लूट परत मागितली तेव्हाही पुढे केलं होतं. बदल्यात व्हेनिसला ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र देऊन बोळवण केली. मग दुसऱ्या महायुद्धात तेच नाजूक चित्र गुंडाळून फ्रान्सभर हलवलं, तेव्हा चाललं ना?

शलाका:
मी दोन्ही पाहिलीत. पॅरिसमध्ये गर्दी चित्राकडे पाठ करून मोना लिसाचे फोटो काढत होती. रंग बघितले आणि निघाले. व्हेनिसमध्ये तासभर बसले. येशूच्या बरोबर डोक्यावर, सज्जात, एकजण मांस कापतोय. बळीच्या कोकराची, म्हणजे येशूच्या पुढच्या बलिदानाची, ती खूण. मौन पाळून जेवणाऱ्या साधूंच्या नजरेसमोर ती सुरी होती, हे तिथेच उमगलं.

अनिरुद्ध:
शलाकाताई, मग तर माझंच म्हणणं खरं ठरतं. तुम्हाला ते प्रतिकृतीनेच उमगलं.

मृण्मयी:
उमगलं खोलीमुळे, अनिरुद्ध. व्हेरोनेझेचा हात मात्र अजून पॅरिसमध्येच अडकलाय.