आधी दाब, मग खोदकाम

डोंगरावरच्या पर्यटनस्थळी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या सगळ्या जुन्या वाहिन्या एकदम बदलाव्यात, असं काहींचं मत आहे. ते समजू शकतो, पण मी सुरुवात पाण्याच्या दाबापासून करेन. उंचीत 10 मीटर फरक पडला की पाण्याचा दाब साधारण 1 बारने (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) बदलतो. टाकी माथ्यावर आणि वस्ती 100 मीटर खाली असेल, तर रात्री नळ बंद असताना खालच्या जुन्या बिडाच्या पाइपवर जवळपास 10 बार दाब येतो. गंजलेला पाइप तिथेच फुटतो! मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवून ते नीट सांभाळले, तर फुटणं आणि गळती दोन्ही कमी होतात, तेही गावभर रस्ते न उकरता.

गळती मोजायला हंगाम संपल्यानंतरची रात्र उत्तम. हॉटेलं रिकामी असतात. पहाटे 2 ते 4 च्या दरम्यान मीटरवर जे वाहतं ते बहुतेक जमिनीतच जातं.

सांडपाण्याकडे मात्र कुणी बघत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. गर्दीच्या दिवसांसाठी घातलेल्या मोठ्या वाहिनीत एरवी प्रवाह इतका कमी असतो की सपाट टप्प्यांत गाळ बसतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, वरच्या ओलसर भागावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट आतून झिजत जातं. रस्त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून हंगामाआधी वाहिनी धुवून आत कॅमेरा फिरवायलाच हवा. आकार शाबूत असेल तर न खोदता आतून अस्तर चढवता येतं.