मदत हवी आहे: आधुनिक घडणीचे क्रिस्टलचे व्हिस्की ग्लास खरोखर हाताने घडवलेले आहेत, हे कसे ओळखावे?

नमस्कार.

थोरल्या बंधूंना सेवानिवृत्तीनिमित्त व्हिस्कीच्या ग्लासांची जोडी भेट द्यायची आहे. अंगभर नक्षी कोरलेली काच त्यांना रुचत नाही. जाड तळ, सरळ भिंती आणि एखाद-दुसरा तिरका काप एवढीच घडण त्यांना आवडते. माझी अडचण नेमकी इथेच आहे.

भरगच्च नक्षीत हाताचे काम शोधायला पुष्कळ जागा मिळते. साच्यात दाबून काढलेल्या काचेच्या पैलूंच्या कडा बोथट लागतात, बाजूला साच्याच्या सांध्याची बारीक रेघही बहुधा दिसते. चाकावर कातलेल्या पैलूची कड मात्र बोटाला स्पष्ट जाणवते. साध्या, आधुनिक घडणीत या खुणा जवळजवळ उरतच नाहीत. सांध्याची रेघ नसणे हाही पुरावा ठरत नाही, कारण साच्यात फुंकताना काच फिरवत ठेवली की रेघ उमटत नाही, आणि हे काम आता यंत्रेही करतात. कापांचीही तीच गत आहे. संगणकाच्या आज्ञेवर फिरणारे हिऱ्याचे चाक तितकीच धारदार कड काढते.

पाहायला आणलेला एक नमुना सध्या माझ्याजवळ आहे. त्याच्या तळाजवळ तीन काप जिथे एकत्र येतात, तिथे दोन रेघा एका बिंदूत मिळतात आणि तिसरी केसभर अलीकडेच थांबते. मला स्वतःला हे फार देखणे वाटते. परंतु ही कारागिराच्या हाताची खूण मानावी की सदोष माल, हे मला ठरवता येत नाही.

दुसरा प्रश्न शिशाचा आहे. युरोपीय नियमांनुसार शिशाच्या क्रिस्टलमध्ये किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असावे लागते आणि त्याची घनता किमान २.९० असावी लागते. शिशामुळे काच मऊ होते, कातायला सोपी जाते आणि प्रकाशात अधिक झळकते. पेय त्यात जितका जास्त काळ राहील तितके शिसे अधिक उतरते, म्हणून महिनोन्महिने मद्य भरून ठेवलेल्या डिकँटरइतका धोका ग्लासात नसतो, हे मी जाणतो. तरीही रोजच्या वापरातली वस्तू असल्याने मला बेरियम, जस्त किंवा पोटॅशियम वापरलेले, शिसेविरहित क्रिस्टलच हवे आहे. नमुना हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढली की शिसे आहे की नाही याचा अंदाज येतो. मात्र साध्या काचेची घनता सुमारे २.५ असते आणि शिसेविरहित क्रिस्टल तिच्यापासून फारसे दूर नसते, त्यामुळे या दोहोंतला फरक तेवढ्याने कळत नाही.

ज्यांनी काच कातण्याचे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे: मोजके काप असलेल्या ग्लासात हाताचे काम नेमके कुठे पाहावे? जोडीतल्या दोन ग्लासांच्या वजनात आणि भिंतींच्या जाडीत किती फरक स्वाभाविक समजावा? शिसेविरहित क्रिस्टल कठीण असल्याने त्यावरचे काप उथळ राहतात का? आणि विक्रेत्याकडून कोणती माहिती लेखी मागून घ्यावी?

बंधू बर्फ घालून पितात, त्यामुळे रुंद तोंडाचेच ग्लास घ्यायचे आहेत. निमुळत्या तोंडाचे कृपया सुचवू नयेत. नमुना परत करण्याची मुदत जवळ आली असल्याने लवकर उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.