मदत हवी आहे: मॅजिक या पत्त्यांच्या खेळात लायब्ररीतील पानांबद्दल खोटे सांगणे चालते का?

आमच्या मॅजिक: द गॅदरिंगच्या साप्ताहिक, साध्या स्तरावरील स्पर्धेत मी पंचाचे काम पाहतो आणि एका निर्णयावर अडलो आहे. एका खेळाडूने बेसिक लँड (फॉरेस्टसारखे मूलभूत जमिनीचे पान) शोधून देणारे पान खेळले, लायब्ररी (स्वतःच्या न ओढलेल्या पानांचा गठ्ठा) पूर्ण चाळली, 'माझ्याकडे एकही फॉरेस्ट उरलेले नाही' असे स्पष्ट सांगितले आणि ती पिसून ठेवली. डाव संपल्यावर त्याच गठ्ठ्यातून दोन फॉरेस्ट निघाली.

नियमावली मी वाचली आहे. ठरावीक गुणधर्माचे पान शोधताना ते असूनही 'सापडले नाही' म्हणता येते, कारण लायब्ररी ही प्रतिस्पर्ध्यापासून लपलेली जागा आहे, आणि हे मला न्याय्यही वाटते. लाइफ टोटल (खेळाडूचे उरलेले जीवनगुण) विचारल्यास खरेच सांगावे लागते. आमच्या स्तरावर हातातील पानांच्या संख्येलाही तेच लागू होते. इथे प्रतिस्पर्ध्याने काहीच विचारले नव्हते, आणि पिसण्यात गडबड झाल्याची तक्रारही नाही.

पान न घेणे आणि गठ्ठ्यात ते नाहीच असे धादांत खोटे सांगणे, या दोन्ही गोष्टी नियमांच्या दृष्टीने सारख्याच मानायच्या का, आणि नसल्यास कोणत्या कलमानुसार?