मे महिना, मुलं आणि कमी खर्चातली भटकंती: तुमचे अनुभव लिहा

धायरीची_आई

परवा माळा आवरताना आईचा फिरकीचा तांब्या सापडला. झाकण अजून घट्ट बसतं. त्याला ओलं फडकं गुंडाळून आई त्यात पन्हं भरून घ्यायची आणि आम्ही सगळी चुलत-आते भावंडं पुण्यातल्या सदाशिव पेठेतून चालत पेशवे पार्कला. दशम्या, लसणाची चटणी, कच्चा कांदा. फुलराणी म्हणजे बागेतली छोटी आगगाडी, तिच्या रांगेत उभं राहून इंजिनामागच्या डब्यात कोण बसणार यावर भांडणं. तेव्हा तिथे वाघही होता. रात्री त्याची डरकाळी वाड्यापर्यंत येते असं थोरला दादा सांगायचा आणि धाकटी सगळी पांघरुणात शिरायची. पुढे प्राणी कात्रजला नेले, पण फुलराणी राहिली. ती 1956 पासून आहे. माझे बाबा लहानपणी तिच्यात बसलेत, मी बसले, आता माझी मुलगी बसते.

हे सगळं आठवलं कारण सुट्टी लागलीय आणि घरात दिवसभर 'आई, कंटाळा आला' चालू आहे. मॉलमध्ये उड्या मारायच्या जागी नेलं की दोन मुलांचे दोन तासांत हजार-दीड हजार जातात आणि घरी येऊन परत कंटाळा. मला त्यांना तो दशमी-चटणीचा दिवस द्यायचाय. तुम्ही कुठे नेता? बस, सावली, पाणी, स्वच्छतागृह, सगळं लिहा. तुमच्या लहानपणचंही लिहा.

कोथरूडचे_आजोबा

पर्वती. सकाळी सहाला पायथ्याशी. 103 पायऱ्या आहेत, नातवंडांना मोजायला लावतो. दर वेळी प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, मग उतरताना परत मोजणी. पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, आमच्या गुडघ्यांनाही जमतं.

वर गेल्यावर देवदर्शन झालं की मुलांना सारसबागेच्या बाजूच्या कठड्याशी उभं करा आणि सांगा की खाली आता हिरवळ दिसते तिथे तळं होतं. नानासाहेब पेशव्यांनी करवलेलं. मधे बेट आणि बेटावर गणपती, म्हणून तो तळ्यातला गणपती. माझा नातू लगेच विचारतो, मग पुजारी होडीने जायचे का? तिथून गप्पा सुरू होतात त्या घरी येईपर्यंत. नानासाहेबांनी 1761 मध्ये पानिपतानंतर याच टेकडीवर देह ठेवला, तेही सांगतो. मुलं गप्प ऐकतात. इतिहासाच्या पुस्तकात न समजलेलं तिथे वाऱ्यावर उभं राहून समजतं.

आठच्या आत खाली या. नंतर दगड तापतो.

पेठेतली_मावशी

आणि थंडीत त्याच गणपतीला स्वेटर आणि कानटोपी!! माझी भाची त्याला स्वेटरवाला बाप्पा म्हणते. मे महिन्यात गेलो तर म्हणाली, बाप्पाला उकडत असेल, पंखा लावा.

दोन_लेकांची_आई

😂😂 किती गोड

धायरीची_आई, दशमी दुधातली का गुळाची? माझ्या सासूबाई दुधात कणीक भिजवायच्या. दोन दिवस मऊ राहायची.

धायरीची_आई

दुधातलीच. गुळाची प्रवासाला. तेल लावून घडी घालायची आणि केळीच्या पानात.

रात्रपाळी

माझी नोकरी रात्रीची. मुलगी सहा वर्षांची. तिच्या वाट्याला मी येतो तो सकाळी नऊ ते बारा, तेही डोळे चोळत. उन्हात नेणं जमत नाही. आम्ही मेट्रोत बसतो. वनाजला चढायचं, नदी आली की ती उभी राहून काचेला नाक लावते. डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनांचं छप्पर पगडीसारखं आहे, ते तिला पहिल्यांदा दिसलं तेव्हा पूर्ण डब्याला ओरडून सांगितलं.

मग सिव्हिल कोर्ट. हे स्टेशन जमिनीखाली 33 मीटर आहे. सरकते जिने एकामागून एक, संपतच नाहीत. खाली गार. ती विचारते, बाबा आता आपण नदीच्या खाली आलो का? तिथून स्वारगेटची गाडी पकडतो, मंडईला उतरतो, एक पेरू नाहीतर काकडी तिखटमीठ लावून, आणि परत. शनिवार-रविवारी तिकिटात सवलत असते. दोघांचा सगळा खर्च एका पिझ्झापेक्षा कमी. बारा वाजता ती झोपते, मी पण झोपतो.

दोन_लेकांची_आई

दादा, वाचून छान वाटलं. सकाळचे तीन तास पूर्ण तिचेच, हे किती मुलांना मिळतं.

पेठेतली_मावशी

मंडईला उतरताय तर मुलीला मधला अष्टकोनी मनोरा आतून दाखवा. मान वर करून बघायला सांगा. 1880 च्या दशकातली इमारत, इंग्रज गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट होती, पुढे फुले मंडई झाली. आणि आत्ता आंब्याच्या पेट्या उघडतात तेव्हाचा वास. फुकट आहे तो.

धनकवडीकर

सिंहगड कोणीच लिहिला नाही??

शनिवारवाड्यावरून 50 नंबरची बस. पहिली पकडा. पायथ्याला उतरून पायवाटेने वर. मोठ्यांना तास-सव्वा तास, मुलं सोबत असली की दोन तास धरा, कारण प्रत्येक ताकवालीपाशी ती बसतात. बसू द्या. ते ताकच खरी सहल आहे. काळं मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मडक्यातला गारवा. वर देवटाक्याचं पाणी, कल्याण दरवाजा, तानाजी मालुसऱ्यांची समाधी. पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा, मटक्यातलं दही. चौघांत दोन ताटं पुरतात, मुलं दह्यावरच असतात.

रविवारी गाडीने जाऊ नका. घाटात अडकलं की मुलं रडकुंडीला येतात. चालत गेलात तर त्याच गाड्यांना हात करत पुढे जाता.

आमचे आबा दर गुरुवारी चढायचे. वयाच्या सत्तरीनंतरही. त्यांचं म्हणणं, गड चढला की डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही. आबा गेल्या वर्षी गेले. आता मी मुलाला त्यांच्या ठरलेल्या कातळावर बसवतो.

कोथरूडचे_आजोबा

आबांना नमस्कार. दर गुरुवारी म्हणजे आमची वरखाली भेट झालीच असणार. पांढरी टोपी आणि वेताची काठी होती का?

धनकवडीकर

काठी होती हो! टोपी नाही, पंचा बांधायचे डोक्याला.

सिंहगड_रोड

परत येताना खडकवासल्याला सगळे थांबतात, म्हणून हात जोडून लिहिते. कणीस खा, कांदाभजी खा, वारा खा. मुलांना पाण्यात उतरवू नका. घोट्यापर्यंतसुद्धा नको. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि काठाशी गाळ उघडा पडतो. वरून कोरडा दिसतो, आत पाय रुततो, आणि दोन पावलांवर एकदम खोल. दर मे महिन्यात पेपरात बातमी येते, बहुतेक वेळा सहलीला आलेलीच मुलं असतात. आमच्या ओळखीच्या घरातला मुलगा गेला. त्याच्या आईला रोज बघते. याहून जास्त लिहवत नाही.

धायरीची_आई

🙏 लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही या रविवारी तिथेच जाणार होतो. वरूनच बघू.

विज्ञानाच्या_बाई

शाळेत शिकवते. 13 मेची तारीख आत्ताच लिहून ठेवा. पुण्यात त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी साधारण 12:31 ला. सरळ उभ्या ठेवलेल्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावली. खर्च काहीच नाही, गच्चीवर जायचं.

सरळ बाजूंचा डबा किंवा पाइपचा तुकडा घ्या, निमुळतं भांडं नको. सव्वाबारापासून खडूने सावलीची कड आखत जा. दर पाच मिनिटांनी. ती आत आत सरकते आणि मग डब्याच्या बुडाखाली शिरते. मुलं अक्षरशः किंचाळतात. मग सगळी उभी राहून स्वतःच्या पायांकडे बघतात, डोक्याखांद्यांची सावली पावलांभोवती गोळा झालेली असते. चपला घालूनच जा, फरशी भाजते. टोपी आणि पाण्याची बाटली. सूर्याकडे वर बघायचं नाही हे आधी बजावा.

मकरवृत्त ते कर्कवृत्त या पट्ट्यात हे वर्षातून दोनदा होतं. आपली दुसरी तारीख जुलैच्या शेवटी येते, पण तेव्हा ढग. म्हणून मे सोडू नका. कोल्हापूरला हेच 6-7 मेच्या सुमारास, नाशिकला साधारण 20 मेला. गावोगावच्या मामे-मावस भावंडांना फोनवर जोडून घ्या, सूर्य उत्तरेकडे सरकतो म्हणजे काय ते मुलांना आपोआप कळतं.

दोन_लेकांची_आई

बाई हे भारी आहे!! माझी बहीण नाशिकला. आजच तिला सांगते.

रात्रपाळी

12:31 म्हणजे माझी झोपायची वेळ, पण त्या दिवशी जागा राहीन. नक्की.

लोकलप्रेमी

लोणावळा लोकल. तिकीट किरकोळ. पोरगा स्टेशनं पाठ म्हणतो: शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव... त्याला पाढे येत नव्हते तेव्हा हे येत होतं. मळवलीला उतरा. भाज्याची लेणी चालत. पायऱ्या आहेत पण फार नाहीत, आणि आत शिरलात की दगडाचा गारवा. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम आहे, मुलांना खांबांवरून हात फिरवू नका म्हणून सांगा, आवाज काढू द्या. प्रतिध्वनी ऐकायला आमची तिथून हलत नाहीत. दगडी स्तूप ओळीने उभे आहेत ते दाखवा. कार्ले दुसऱ्या बाजूला, तिथल्या चैत्याच्या छताला मूळच्या लाकडी कमानी अजून आहेत. एका दिवसात दोन्ही नका करू, मुलं दमतात. दुपारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

एकच_पिल्लू

माझा मुलगा स्वमग्न आहे. गर्दी, भोंगे, लाउडस्पीकर सहन होत नाही. त्यामुळे वरच्यातलं बरंच आम्हाला जमत नाही. आम्हाला एम्प्रेस गार्डन सापडलं. मधल्या वारी, उघडल्या उघडल्या. प्रचंड जुनी झाडं आणि त्यांच्यावर चढलेले मांडीएवढे जाड वेल. तो त्या वेलांवर दोन्ही तळवे ठेवून उभा राहतो. कितीही वेळ. तिथे त्याला कोणी घाई करत नाही आणि माझ्याकडे कोणी बघत नाही. मी झाडाखाली सतरंजी टाकून बसते. आमची तीच सहल.

विज्ञानाच्या_बाई

ताई, ही फार सुंदर सहल आहे. माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे, त्याच्या आईला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवते. चालेल ना?

एकच_पिल्लू

हो, नक्की दाखवा.

वारजेकर

आमच्याकडे महिन्याच्या शेवटी बसचे पैसेही मोजावे लागतात, तेव्हा टेकडी. वेताळ टेकडी नाहीतर तळजाई. पहाटे मोर ओरडतात, आणि थोडं थांबलं तर दिसतातही. मेमध्ये करवंदं. मुलांना दोन गोष्टी शिकवल्यात, चीक चिकटतो म्हणून कपड्यांना हात पुसायचे नाहीत आणि झुडपावरची सगळी तोडायची नाहीत, पाखरांना ठेवायची. मग फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळ. लाल निघालं तर कोंबडा. हा खेळ माझ्या आजीने मला शिकवला. मेच्या अखेरीस नवरंग पक्षी येतो, आधी दोन सुरांची शीळ ऐकू येते, मग पाचोळ्यात शोधायचा. दिसला की बायको, मी, मुलं, सगळे तोंडावर हात धरून उभे.

पेठेतली_मावशी

कोंबडा की कोंबडी!! किती वर्षांनी ऐकलं. आम्ही हरलेल्याची करवंदं काढून घ्यायचो.

दोन_लेकांची_आई

भर दुपारसाठी कोणी सांगा ना. बारा ते चार माझी दोघं एकमेकांची डोकी फोडतात.

कोथरूडचे_आजोबा

राजा केळकर संग्रहालय. एका माणसाने आयुष्य वेचून जमवलेलं आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने ठेवलेलं. एकदम सगळं दाखवू नका. एक दिवस फक्त दिवे, एक दिवस फक्त अडकित्ते आणि वज्र्या. आमच्या नातीने अडकित्त्यांची चित्रं काढून वही भरवली. मस्तानी महाल मात्र प्रत्येक वेळी.

कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालयही आहे, 1998 पासून. बोगदे, सिग्नल, फाटक, सगळं चालतं. लोकलप्रेमींच्या पोराला न्याच.

लोकलप्रेमी

नेलंय आजोबा, तिथून त्याला बाहेर काढायला आइसक्रीम लागतं 😄

नवीन_आलेली

नमस्कार, मी मुलांसोबत सासूबाईंनाही नेऊ इच्छिते. त्यांचे गुडघे दुखतात. बनेश्वर कसं आहे?

धनकवडीकर

उत्तम. चढ नाही. स्वारगेटहून भोरकडची एसटी, चेलाडी फाट्याला उतरून नसरापूरला रिक्षा. भोवती वन आहे, सावली भरपूर. नानासाहेबांच्या काळातलं देऊळ, बांधायला 11,426 रुपये 8 आणे 6 पै खर्च आला असा हिशेब आहे. हा आकडा पोरांना सांगा, आणे-पै समजावण्यात आजींचा वेळ मस्त जातो. कुंडात मासे आणि कासवं आहेत, मुलं तिथेच रमतील. देवळाच्या फरशीवर अनवाणी चालावं लागतं, दुपारी भाजतं, म्हणून आजींसाठी सुती मोजे जवळ ठेवा. आणि प्लास्टिकची पिशवी उघडी धरू नका, माकडं आहेत.