मदत हवी आहे: बेळगावात घरगुती चवीचं मासळीचं जेवण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आईचं माहेर वेंगुर्ला, लग्न होऊन बेळगावात आली त्याला चाळीस वर्षं झाली. गुडघ्यांमुळे आता आंबोली घाट उतरून जाणं तिला झेपत नाही. परवा म्हणाली, "तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी खाऊन किती दिवस झाले गं!" तेव्हापासून शोधते आहे.

मोठी, नावाजलेली हॉटेलं नकोत. शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा, कॅम्प या भागांत गल्लीतली एखादी खानावळ सांगा, जिथे चार टेबलं असतील आणि घरचीच माणसं रांधत असतील. मागच्या महिन्यात एका ठिकाणी सुरमई मागवली. वरून रवा कुरकुरीत, पण आत तुकडा भुसभुशीत, हाताला कापसासारखा लागला. आईने एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. फार वाईट वाटलं हो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून थांबले होते. आता गोव्याहून, कारवारहून ताजी मासळी यायला लागली असेल ना? तुम्ही सांगाल त्या खानावळीत ती कुठल्या वारी येते, तेही सांगा. तिसऱ्या (शिंपल्या), मोरीचं मटण (मोरी माशाचा रस्सा) मिळालं तर उत्तमच. सोलकढी मात्र खऱ्या नारळाच्या दुधाची हवी, पावडरीची आई लगेच ओळखते.

आणि जिना नको. खानापूरपर्यंत यायची तयारी आहे. तुम्ही स्वतः जेवलेलीच जागा सुचवा, प्लीज.