शब्दचर्चा: मायकोरायझाला मराठीत काय लिहावं?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): सोसायटीच्या बागेसाठी मायकोरायझाचं, म्हणजे झाडाच्या मुळांशी जोडी जमवणाऱ्या उपयुक्त बुरशीचं, माहितीपत्रक मराठीत करतेय. तिच्या पाकिटावरच्या मजकुराचा अर्थ ‘प्रयोगशाळेत वनस्पतिपेशींवर वाढवलेली उपयुक्त बुरशी’ असा होतो. तसंच लिहू का? की ‘कवकमूळ’ बरं?

उत्तर (ऐरोली): ताई, ‘बुरशी’ नकोच. बुरशी म्हटलं की लोकांना शिळी भाकरी नाहीतर पानावरची भुरी आठवते, आणि कुणीतरी त्याच कुंडीत बुरशीनाशक ओतून मोकळं होतं. ‘कवक’ लिहा.

‘कवकमूळ’ अर्थाला चोख आहे. फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये ग्रीकमधल्या याच दोन शब्दांवरून मायकोरायझा हे नाव केलं. पण ते कवक आणि मूळ यांच्या जोडणीचं नाव आहे. पाकिटात असतात ते कवकाचे बीजाणू, म्हणून तिथे ‘मायकोरायझा कवक’ म्हणा.

‘वनस्पतिपेशींवर’ मात्र बदलाच. सुट्या पेशी नसतात, अख्खं जिवंत मूळ असतं. या कवकाला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, ती झाडाकडून घ्यावी लागतात. नुसत्या साखरेवर ते वाढत नाही. म्हणून गाजराच्या मुळात एका जिवाणूमार्फत जनुकं घालतात. मग ते मूळ पानाखोडाशिवाय जेलीवर वाढत राहतं. दोन कप्प्यांच्या बशीत एका बाजूला मूळ, कवक आणि साखर ठेवतात. कवकाचे पांढरे तंतू मधली भिंत ओलांडून पलीकडच्या बिनसाखरेच्या कप्प्यात जातात आणि तिथे गोल बीजाणू धरतात. फार देखणं दिसतं ते! ‘मूळ-संवर्धनातून वाढवलेले’ लिहा.

प्रश्नकर्ती: जनुकं घातली म्हणजे लोक घाबरतील ना?

उत्तर (ऐरोली): बदल गाजराच्या मुळात होतो, कवकात नाही. तेवढं एक वाक्य स्पष्ट घाला.

आणखी एक (कोपरखैरणे): शेतकरी सर्रास ‘मायकोरायझा’च म्हणतात, तेव्हा शीर्षकात तोच शब्द ठेवा, ‘कवकमूळ’ खाली एकदा समजावा. आणि आपण गाजर-मुळा एका दमात म्हणतो, पण मुळा, मोहरी, कोबी यांच्या मुळांशी हे कवक जोडी जमवत नाही. त्या कुंड्यांत पाकीट वाया जाईल. टोमॅटो, मिरची, वांगं यांना रोप लावतानाच मुळाला लागेल असं घाला, वरून भुरभुरवू नका.